तेलाचा बोल्ट कुणी उघडायचा?

जूचंद्रच्या एका अंगाला खाडी आणि मिठागरं, दुसऱ्या अंगाला मुंबई-अहमदाबाद महामार्ग. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की नायगाव स्टेशनकडून बापाण्याच्या फाट्याकडे जाणाऱ्या सखल पट्ट्यात पाण्याला जायला वाट उरत नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, तेव्हा मिठागरांत अडकलेल्या माणसांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. अशा पुरानंतर गाड्यांचे मालक इंजिनाची काळजी करतात. पाणी आत गेलं का, चावी फिरवायची की नाही, हे चार जणांना विचारतात. गिअरबॉक्सबद्दल मात्र कुणी विचारत नाही. त्याच्या माथ्यावर एक बारीकशी श्वासनळी असते. गाडी चालून गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगून तिथून बाहेर पडते आणि तो निवला की बाहेरची हवा आत येते. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात बुडला तर हवेऐवजी पाणीच आत ओढलं जातं. मग आतलं तेल हळूहळू दुधाळ होतं, बेअरिंगला गंज चढतो आणि चार-सहा महिन्यांनी गाडी गुरगुरायला लागते. तोपर्यंत पूर कुणाच्या लक्षातही नसतो.

पाणी शिरलंय का हे पाहायला एक बोल्ट सैल करावा लागतो. तो प्रत्येक गाडीच्या पोटाखाली आहे, पण कुठे आहे हे मालकाला माहीत नसतं. आपल्या वाहनाला वंगण घालणं हे कधीकाळी मालकाचं रोजचं काम होतं. ते त्याच्या हातून कसं सुटत गेलं, याचा हा मागोवा आहे. ते काम आपण परत हातात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात बैलगाडीपासून करावी लागते. भाताच्या, पेंढ्याच्या, मिठाच्या गाड्या ओढणाऱ्या या पट्ट्यात लाकडी तुंब्यातून जाणारा लोखंडी आस हाच गाडीचा जीव. तुंबा कोरडा पडला की आस तापतो, लाकूड झिजतं आणि चाक डुगडुगतं. म्हणून एरंडेल घालायचं, कुठे करंजेल घालायचं, त्यात चिंध्या भिजवून तुंब्यात सारायच्या. वंगणाचा नळा गाडीखालीच टांगलेला असे. गाडीवान कुठेही थांबला की तेल हाताशी होतं. ते घालायला सुतार लागत नव्हता, लोहार लागत नव्हता. चाक करकरायला लागलं की गाडीवानालाच कळायचं आणि पुढचं काम त्यानेच करायचं, अशी ती रीत होती.

एरंडेलाची निवड उगाच झाली नव्हती. बहुतेक वनस्पतिज तेलं उन्हात पातळ होऊन गळून जातात. एरंडेल त्यांच्यापेक्षा कितीतरी दाट असतं आणि धातूला घट्ट चिकटतं. त्यातलं मुख्य आम्ल, रिसिनोलिक आम्ल, इतर तेलांत जवळपास सापडत नाही आणि तेच त्याला हा दाटपणा देतं. पुढे रेल्वे आली तेव्हा साहेबांनाही हेच तेल पसंत पडलं. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅक बेपर्यंत पहिली लोकल धावली. त्या काळात हिंदुस्थानातल्या रेल्वेंच्या इंजिनांना आणि डब्यांच्या आसांना एरंडेलच घालत. डब्याच्या चाकापाशी लोखंडी पेटी असे, तिच्यात तेलात भिजवलेला सुताचा गुंताडा कोंबलेला असे आणि गाडी थांबली की तेलवाला हातात कॅन घेऊन एकेक पेटी उघडत जाई. वसईच्या शेतकऱ्याच्या गाडीखालचं तेल आणि समोरच्या रुळांवरचं तेल एकाच झाडाच्या बियांचं होतं.

वंगण नेमकं काय करतं, हे मात्र तोवर कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. तेल लावलं की घर्षण कमी होतं, एवढंच माहीत होतं. १८८३ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससाठी बोशँप टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं होतं. यंत्र सुरू झालं की त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी वर यायला लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी दाब मोजायचं यंत्र बसवलं, तेव्हा कळलं की बेअरिंगवर जेवढा सरासरी भार होता त्याच्या दुपटीहून जास्त दाब तेलाच्या त्या थरात तयार होत होता. म्हणजे फिरता आस धातूवर टेकतच नव्हता. तो स्वतःच्या वेगाने तेल खाली ओढत होता आणि त्या तेलावर उचलला जात होता. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. आज आपल्या गाडीचा क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेतो तो याच न्यायाने, केसापेक्षा पातळ तेलाच्या थरावर. थर फाटला की काही क्षणांत बेअरिंग जळतं. तेल कमी असताना गाडी दामटू नये असं मेकॅनिक सांगतो तेव्हा टॉवरची ती उडालेली खुंटी आठवावी.

त्याआधीच एरंडेलाला प्रतिस्पर्धी आला होता. १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ड्रेकने विहीर खणून जमिनीतून तेल काढलं. आधी त्याचा उपयोग दिव्यापुरता होता. रॉकेल काढून घेतल्यावर जो दाट गाळ उरे त्याचं काय करायचं, हा प्रश्न होता. १८६६ मध्ये जॉन एलिसने ते खनिज तेल वाफेच्या इंजिनात घालून पाहिलं. चरबीसारख्या प्राणिज वंगणाने इंजिनाच्या झडपा चिकटत, या तेलाने त्या मोकळ्या राहिल्या. पुढे त्याच्या तेलाला व्हॉल्व्होलीन हे नाव मिळालं. खनिज तेल स्वस्त होतं, पुष्कळ होतं आणि ते एरंडेलासारखं हवेत राहून गोंदासारखं होत नव्हतं. एरंडेल तरीही लगेच हटलं नाही. १८९९ मध्ये चार्ल्स वेकफिल्डने लंडनला कंपनी काढली आणि १९०९ मध्ये आपल्या तेलात एरंडेल मिसळून ते कॅस्ट्रॉल या नावाने विकायला सुरुवात केली. नावात कॅस्टर आहे ते त्यामुळेच. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनं तर शुद्ध एरंडेलावर चालत, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नसे.

मोटारीच्या पहिल्या पिढीत मालकाचे हात अजून काळेच होते. फोर्डची मॉडेल टी १९०८ ची. तिच्यात इंजिन आणि गिअर यांना एकच तेल होतं, एकाच कोठीत. तेल बघायला पट्टीही नव्हती. कोठीच्या बाजूला दोन लहान तोट्या होत्या, त्या उघडून पाहायच्या. वरच्या तोटीतून तेल आलं तर भरपूर आहे, खालच्यातूनही आलं नाही तर गाडी हलवायची नाही. ही गाडी शेतकऱ्यांना विकली जात होती आणि ती शेतकऱ्यानेच दुरुस्त करायची, हे फोर्डने गृहीत धरलं होतं. सगळ्यांना एकच तेल देण्याची ही पद्धत पुढेही अधूनमधून परत आली. १९५९ च्या ब्रिटिश मिनीत गिअरबॉक्स इंजिनाच्या तेलाच्या कोठीतच होता. आपल्याकडच्या चार-स्ट्रोक मोटारसायकलींत आजही इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात न्हातात. म्हणून मोटारसायकलला मोटारीचं तेल घालू नये. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्यांनी क्लच घसरायला लागतो. बाईकच्या डब्यावर जासो एमए ही खूण शोधावी.

तेलाला आकडा मिळाला तो १९११ मध्ये. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्सने, म्हणजे एसएई या संस्थेने, दाटपणानुसार तेलांची वर्गवारी केली. आज डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं ती हीच वर्गवारी, पुढे वाढवलेली. पहिला आकडा थंडीतल्या वाहण्याचा, दुसरा तापलेल्या इंजिनातल्या दाटपणाचा. कोकणात कडाक्याची थंडी पडत नाही, तेव्हा पहिल्या आकड्याचं काय, असं अनेकांना वाटतं. पण इंजिनाची बरीचशी झीज सकाळी गाडी सुरू करताना होते. वरच्या भागापर्यंत तेल पोहोचायला जेवढा वेळ लागतो त्या वेळात. पातळ तेल लवकर पोहोचतं. गाडी जुनी झाली म्हणून दाट तेल घालण्याची जी रीत आहे, ती इंजिन खरंच तेल खात असेल तरच धरावी. एरवी गाडीच्या पुस्तिकेत छापलेला आकडा पाळावा.

आता गिअरच्या तेलाकडे वळतो. वंगणांच्या कुळात या शाखेची सर्वांत जास्त आबाळ झाली आहे.

सुरुवातीला गिअरला नुसतं दाट तेल किंवा ग्रीस चाले. १९२६ मध्ये पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने मागच्या आसात हायपॉइड नावाचे गिअर आणले. त्यांत लहान दातेरी चक्राचा आस मोठ्या चक्राच्या मध्यरेषेच्या खाली बसतो. त्यामुळे गाडीचा तळ खाली आला आणि आवाज कमी झाला. पण अशा गिअरचे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, प्रचंड दाबाखाली घासत सरकतात. टॉवरने दाखवलेला तेलाचा थर तिथे टिकत नाही, पिळून बाहेर जातो. मग रसायनशास्त्रज्ञांनी तेलात गंधकाची, पुढे फॉस्फरसची संयुगं घातली. दाते घासून तापले की ही संयुगं पोलादाशी संयोग पावतात आणि त्यावर एक मऊ, निसरडा थर चढवतात. झिजायचंच तर तो थर झिजावा, पोलाद नको, अशी ही योजना. गिअर ऑइलचा डबा उघडल्यावर नाकात जाणारा उग्र वास याच गंधकाचा.

पण पोलादाला वाचवणारं गंधक पितळेला खातं. गिअर सहज पडावा म्हणून गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझरच्या पितळी कड्या असतात. जास्त गंधकाचं तेल घातलं की त्या हळूहळू झिजतात आणि गिअर टाकताना खरखर येते. म्हणून डब्यावर दोन वेगळ्या खुणा असतात. जीएल-४ हे बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी, जीएल-५ हे मागच्या आसाच्या गिअरसाठी, ज्याला आपले मेकॅनिक क्राउन म्हणतात. पाच हा चारपेक्षा मोठा म्हणून जीएल-५ अधिक चांगलं, असं दुकानदारही सांगतात. माझा त्याला ठाम विरोध आहे. पुस्तिकेत जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४ च घालावं.

आपल्याकडे ही सगळी तेलं येऊन पोहोचली ती खाडीपलीकडच्या मुंबईत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज-प्लायमाउथ, मग १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. पुढे तिचंच नाव पद्मिनी झालं. त्याच वर्षांत ट्रॉम्बेला शुद्धीकरण कारखाने उभे राहिले. १९५४ मध्ये स्टँडर्ड व्हॅक्यूमचा, १९५५ मध्ये बर्मा-शेलचा. १९६९ मध्ये तिथेच लूब इंडियाने वंगणाचं मूळ तेल काढायला सुरुवात केली. १९७४ मध्ये एस्सो (आधीची स्टँडर्ड व्हॅक्यूम) आणि लूब इंडिया मिळून हिंदुस्तान पेट्रोलियम झाली आणि १९७६ मध्ये बर्मा-शेल सरकारच्या ताब्यात आली, तीच आजची भारत पेट्रोलियम. इंडियन ऑइलचं सर्वो १९७२ चं. देशात वंगणाचं मूळ तेल काढणारा सर्वांत मोठा कारखाना ट्रॉम्बेजवळच्या या माहुलचाच मानला जातो. जूचंद्रच्या गॅरेजमध्ये उघडलेल्या डब्यातलं तेल बहुधा याच परिसरातून आलेलं असतं.

फियाटला तीन तेलं होती. इंजिनाचं, गिअरबॉक्सचं आणि मागच्या क्राउनचं. शिवाय चाकांपाशी ग्रीस भरायची निप्पल्स. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत कुठल्या ठिकाणी काय घालायचं, याचा तक्ताच असे. टॅक्सीवाल्याला तो तक्ता वाचावा लागत नव्हता, पाठ होता. पेट्रोलपंपाच्या रॅम्पवर ‘ऑइलिंग-ग्रीसिंग’ हा शब्द एका दमात उच्चारला जाई. पावसाळ्याच्या तोंडावर खारट हवेच्या या पट्ट्यात गाडीच्या तळाला जुनं तेल फवारत, गंज लागू नये म्हणून. तो उपाय तेव्हा नाइलाजाचा होता. आज तो करू नये, कारण फवारलेलं तेल शेवटी गटारातून खाडीतच जातं. महामार्गावरच्या ट्रकचा क्लीनर पहाटे गाडी सुटण्याआधी ऑइल-पाणी बघायचा. ती त्याची शाळा होती. तोच पुढे ड्रायव्हर व्हायचा किंवा महामार्गाच्या कडेला पत्र्याची शेड टाकून मिस्त्री व्हायचा. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवऱ्याला कारखाने वाढले तशी ही गॅरेजंही वाढली. तक्ता पाठ असलेल्या त्या टॅक्सीवाल्याची पद्मिनी मात्र मुंबईच्या रस्त्यावरून ३० ऑक्टोबर २०२३ पासून अधिकृतपणे गेली.

मध्यमवर्गाच्या दारात गाडी आली ती १४ डिसेंबर १९८३ नंतर, मारुती ८०० बरोबर. तिचा गिअरबॉक्स आणि पुढच्या चाकांचा क्राउन एकाच कोठीत होता. तेलं तीनवरून दोनवर आली. ग्रीसची निप्पल्स गेली. हे सगळं चांगलंच झालं, गाडी कमी कुरकुर करणारी झाली. पण कंपनीच्या सर्व्हिसिंगची मोफत कुपनं आली आणि गाडी काचेच्या पलीकडे नेऊन चावी देण्याची सवय लागली. तेल बदललं की नाही हे बिलावरून कळू लागलं. पुढच्या पिढीच्या गाड्यांत तर गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभरासाठी’ भरलेलं आहे, असं काही कंपन्या सांगू लागल्या. आयुष्य कुणाचं, हे त्या सांगत नाहीत. हमीची मुदत संपल्यावरही आपली गाडी वर्षानुवर्षं चालते. तिथल्या तेलातली रसायनं संपतात, ओलावा साठतो आणि धातूची भुकटी फिरत राहते. ‘काका, त्याला हात लावायचा नाही, सीलबंद आहे,’ असं ऐकल्यावर मालक गप्प बसतो. मला हे पटत नाही. ज्याला भरायचा बोल्ट आहे आणि काढायचाही आहे, ते सीलबंद नव्हे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गोष्ट थोडी निराळी आहे. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये हायड्रामॅटिक आणला. त्याचं तेल वंगणही करतं, दाबाने गिअरही बदलतं आणि आतल्या क्लचच्या चकत्यांना योग्य तेवढं घर्षणही देतं. हे शेवटचं काम अवघड. त्यासाठी कित्येक वर्षं त्यात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळत. १९७० मध्ये अमेरिकेने त्या देवमाशाला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि तेल कंपन्यांना पर्याय शोधावा लागला. माणसाला गिअर न टाकता गाडी चालवता यावी म्हणून समुद्रातला एवढा मोठा जीव मारला जात होता, हे वाचून मी हादरलो होतो. आजचा डबा निवडताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. सीव्हीटी या प्रकारच्या ऑटोमॅटिकचं तेल वेगळं, साध्या ऑटोमॅटिकचं वेगळं, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेला एएमटी मात्र मुळात साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. दांडी हलवायचं काम तेवढं यंत्र करतं. त्याच्या दात्यांना साधं गिअर ऑइलच लागतं.

आता प्रत्यक्ष काम. घरासमोर सपाट जागा असेल तर इंजिनाचं तेल बदलणं कठीण नाही. गाडी पाच-दहा मिनिटं चालवून तेल कोमट करावं, उकळतं नको. गाडी उचलायची तर नुसत्या जॅकवर कधीही खाली शिरू नये. जॅक स्टँड लावावेत, मागच्या चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक ओढावा. ड्रेन बोल्टला रिंग पाना लावावा, चपट्या पान्याने कडा घासतात. बोल्टचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर नवा घालावा. फिल्टरच्या रबराला नव्या तेलाचं बोट फिरवावं आणि तो हातानेच घट्ट करावा, पान्याने नव्हे. तेल पुस्तिकेत लिहिल्यापेक्षा थोडं कमी भरावं, इंजिन एक मिनिट चालवावं, थांबवून काही मिनिटांनी डिपस्टिक बघावी, मग उरलेलं घालावं. जास्त भरलेलं तेलही वाईटच, क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करतो. बदललेलं तेल काळं असेल तर घाबरू नये. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे चांगल्या तेलाचं कामच आहे. डिझेल गाडीत नवं तेल पहिल्या काही तासांतच काळं होतं.

किती दिवसांनी बदलायचं? बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असं असतं. जूचंद्रच्या माणसाने वर्ष ही मर्यादा पाळावी. घरून नायगाव स्टेशनपर्यंत सोडायला-आणायला एवढ्यासाठीच चालणारी गाडी नीट तापतच नाही. ज्वलनातलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल तेलात साठत राहतं. किलोमीटर कमी दिसतात, पण तेल मात्र म्हातारं होतं.

गिअर ऑइलचा नियम एकच, पण तो मोडू नये. आधी भरायचा बोल्ट उघडावा, मग काढायचा. भरायचा बोल्ट गंजून बसला असेल आणि खालून तेल काढून टाकलं असेल, तर गाडी जागच्या जागी अडकते. बहुतेक गाड्यांत भरायचं भोक गिअरबॉक्सच्या बाजूला असतं आणि तीच तेलाची पातळी. लांब पारदर्शक नळी आणि नरसाळं वापरून वरून बॉनेटमधून तेल घालत राहावं. भोकातून ओघळ लागला की पुरे, मग बोल्ट बसवावा. यासाठी गाडी सपाट असली पाहिजे, एका बाजूने उचललेली नको. काढायच्या बोल्टवर अनेकदा चुंबक असतो. त्यावर बारीक राखाडी चिखलासारखी भुकटी असेल तर ती नेहमीची झीज. तेलातच सोनेरी चमक दिसली तर पितळी कड्या झिजत आहेत. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. अशा वेळी एकदा तेल बदलून भागत नाही. स्वस्त योग्य तेल भरून थोडं फिरवून पुन्हा काढावं, मग चांगलं भरावं. इको किंवा जुनी ओम्नी असेल तर मागचा क्राउनही तसाच तपासावा. या गाड्यांत तेलं अजून तीनच आहेत आणि क्राउनची श्वासनळीही मागच्या आसावरच असते, पाण्याला जवळ. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरच्या मागच्या चाकापाशीही शंभरेक मिलिलिटर गिअर ऑइल असतं. इंजिनाचं तेल नेमाने बदलणारी माणसंही ते विसरतात.

नवं तेल घेताना सील आणि छपाई नीट बघावी. भेसळीचं तेल खऱ्या डब्यांत भरून विकलं जातं, म्हणून रिकामा डबा टाकण्याआधी त्याला भोक पाडावं.

विजेच्या गाड्या आल्या की हे सगळं संपेल, असं म्हणतात. इंजिनाचं तेल संपेल. पण बॅटरीवरच्या मोटारीचा वेग चाकाला झेपेल एवढा कमी करायला गिअर लागतातच आणि त्या छोट्या पेटीत गिअर ऑइल असतं. तिलाही भरायचा बोल्ट असतो.

उरलं ते काढलेलं तेल. याला गावात जळकं ऑइल म्हणतात आणि त्याला गिऱ्हाईकही आहे. सेंटरिंगच्या पाट्यांना लावतात, कुंपणाच्या खांबांना लावतात. इंजिनातून आलेल्या तेलात ज्वलनातली, कर्करोगाशी संबंध असलेली संयुगं आणि धातू साठलेले असतात. हातमोजे न घालता त्याला हात लावू नये. ते जमिनीत ओतलं तर विहिरीत उतरतं आणि गटारात ओतलं तर खाडीत जातं. मिठागराच्या वाफ्यावर त्याचा पातळ तवंग पसरला तरी पाण्याची वाफ व्हायला अडथळा येतो. मीठ तर बिघडतंच. १९८९ पासून वापरलेलं तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. २०१६ च्या नियमांनुसार ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया कारखान्याकडेच जायला हवं, आणि १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाची जबाबदारी तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे.

मूळ तेल झिजत नाही. संपतात ती त्यातली रसायनं, आणि साठतो तो मळ. निर्वात भांड्यात ते उकळून, गाळून, हायड्रोजनची प्रक्रिया करून पुन्हा मूळ तेल मिळवता येतं. म्हणून काढलेलं तेल त्याच डब्यात गाळून भरावं. त्यात पाणी, ब्रेकचं तेल, कूलंट किंवा थिनर मिसळू नये, कारण मिसळलेल्या तेलावर कारखाना प्रक्रिया करू शकत नाही. झाकण घट्ट लावावं, डब्यावर ‘वापरलेलं’ असं मोठ्या अक्षरांत लिहावं आणि महामार्गावरच्या ज्या गॅरेजकडून परवानाधारक तेल नेतात तिथे नेऊन द्यावं. या एका डब्यापुरतं भोक पाडायचं ते रिकामा करून परत घेतल्यावर.